कॉलेजचा फॉरवर्ड एनबीएत टिकेल का? नव्या प्रेक्षकानं पारख कशी करावी

२४ मार्च २०११ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइममध्ये, एकाच सभागृहात, अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दोन सामने झाले. आपल्याकडे तेव्हा २५ तारखेची सकाळ उजाडली होती. एका सामन्यात अ‍ॅरिझोनानं ड्यूकला ९३-७७ असं लोळवलं. अ‍ॅरिझोनाचा फॉरवर्ड (रिंगजवळ आणि बाहेरही खेळणारा उंच गडी) डेरिक विल्यम्स ३२ गुण काढून गेला, त्यातले २५ तर पूर्वार्धातच. दुसऱ्या सामन्यात सॅन डिएगो स्टेटचा संघ कनेटिकटकडून ६७-७४ असा हरला. त्या हरलेल्या संघात कवाय लेनर्ड नावाचा एक अबोल फॉरवर्ड होता.

दोघंही कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होते आणि वयात जेमतेम महिन्याचा फरक होता. तीन महिन्यांनी ड्राफ्ट, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम, झाला. विल्यम्सला मिनेसोटानं दुसऱ्या क्रमांकावर उचललं, लेनर्ड पंधराव्या क्रमांकापर्यंत घसरला. पुढे लेनर्ड दोनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि दोन वेगवेगळ्या संघांकडून, २०१४ आणि २०१९ साली, अंतिम मालिकेचा मानकरी झाला. विल्यम्स अर्धा डझन संघ फिरून युरोप आणि चीनच्या लीगकडे वळला.

निकाल हाती आल्यावर शहाणपण सांगायला काय लागतं, हे मान्य. पण २०११ च्या मार्चमध्येच काही खुणा दिसत होत्या आणि त्या पाहण्याची एक रीत आहे. ज्यांनी एनबीए थोडंफार पाहिलंय, कॉलेजचे सामने आता कुठे बघायला लागलेत आणि ‘हा पोरगा वर, म्हणजे एनबीएत, जाईल का’ हे स्वतःचं स्वतः ठरवायचंय, त्यांच्यासाठी ही रीत मांडतोय. फक्त फॉरवर्डपुरतीच. गार्ड (चेंडू आणणारे चपळ खेळाडू) आणि सेंटर (रिंगखालचा सगळ्यात उंच माणूस) यांची पारख वेगळी असते, आणि फॉरवर्डच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त फसतात असं माझं मत आहे.

आधी प्रश्न बदला

‘हा चांगला खेळाडू आहे का?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ड्राफ्टच्या चर्चेत ज्याचं नाव येतं तो चांगला असतोच. कॉलेजात अख्खा संघ त्याच्याभोवती फिरतो. चेंडू त्याच्याकडे येतो, चाली त्याच्यासाठी आखतात, चुकला तरी पुढचा शॉट त्याचाच असतो. एनबीएत असं लाडाचं स्थान प्रत्येक संघात एखाद्या-दुसऱ्यालाच मिळतं. बाकीच्यांनी कोपऱ्यात उभं राहायचं, चेंडू आला तर क्षणात निर्णय घ्यायचा, आणि उरलेला वेळ समोरच्या संघातल्या कुणाला तरी अडवायचं.

म्हणून प्रश्न असा विचारा: चेंडू हातात नसताना हा कशाच्या जोरावर मैदानावर राहील?

गोन्झागाच्या अ‍ॅडम मॉरिसननं २००५-०६ च्या मोसमात सामन्यामागे २८.१ गुण काढले होते. शार्लटनं त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. गुण काढण्याची भूमिका गेल्यावर त्याच्याकडे दुसरं काही उरलं नाही. डिफेन्स कच्चा, पाय जड. पुढे गुडघ्याची मोठी दुखापतही झाली हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं, पण पहिल्या वर्षातच गाडी अडलेली दिसत होती.

याला अपवाद असतात. २०२२ चा पाओलो बँकेरो किंवा २०२५ चा कूपर फ्लॅग यांच्याकडे वरही चेंडू राहणार हे उघड होतं. फ्लॅगनं ड्यूककडून सामन्यामागे १९.२ गुण, ७.५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) आणि ४.२ असिस्ट (ज्या पासवर लगेच गुण होतात तो) काढले, तेही १७-१८ वर्षांचा असताना. असल्यांच्या मूल्यमापनात नव्या माणसानं डोकं घालू नये, तिथे सगळ्या जगाचं एकमत असतं. खरी मजा दहाव्या ते चाळिसाव्या क्रमांकाच्या मधल्या फॉरवर्डमध्ये आहे.

आकड्यांचं पान: काय वाचायचं, काय सोडायचं

सामना बघण्याआधी आकडे बघा. स्पोर्ट्स-रेफरन्स या संकेतस्थळाच्या कॉलेज विभागात सगळं फुकट मिळतं, बार्ट टॉर्विकच्या संकेतस्थळावर तर प्रतिस्पर्ध्याच्या दर्जाप्रमाणे चाळणीही लावता येते. सामन्यामागचे गुण सगळ्यात वर, ठळक असतात. ते शेवटी वाचा.

पहिलं म्हणजे वापराचा दर, म्हणजे तो मैदानावर असताना संघाच्या किती टक्के चाली त्याच्या शॉटनं, फ्री थ्रोनं (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) किंवा टर्नओव्हरनं (चेंडू गमावून) संपतात. पाच जण खेळतात म्हणजे सरासरी २० टक्के. कॉलेजचे नावाजलेले फॉरवर्ड बऱ्याचदा २५ ते ३० टक्क्यांत असतात. वर गेल्यावर हाच दर पंधरा-सतरावर येणार असं गृहीत धरा आणि मग बाकीचे आकडे वाचा.

दुसरं, शॉटची खरी कार्यक्षमता. गुणांना, शॉटची संख्या अधिक फ्री थ्रोची ०.४४ पट, याच्या दुपटीनं भागायचं. समजा एखाद्यानं १४ शॉट आणि ५ फ्री थ्रो घेऊन २० गुण केले, तर उत्तर येतं ६१.७ टक्के. हे फार चांगलं. ५२-५३ च्या आसपास असलेला फॉरवर्ड कितीही गुण काढत असला तरी वरच्या पातळीवर त्याला शॉट घ्यायला कुणी देणार नाही.

आता तीन गुणांचा शॉट. इथे जरा थांबायला हवं, कारण विल्यम्सला दुसरा क्रमांक मिळण्यात या आकड्याचा मोठा हात होता. त्या मोसमात त्यानं तीन गुणांचे ७४ शॉट घेतले आणि ४२ टाकले. ५६.८ टक्के! एनबीएतले उत्तमातले उत्तम शूटर चाळीस-पंचेचाळीसला खूश असतात. लेनर्डचा त्याच मोसमातला आकडा होता २९.१ टक्के.

पण ७४ शॉट म्हणजे किती? खरी कुवत ३७ टक्क्यांची असलेल्या माणसानं ७४ शॉट घेतले, तर निव्वळ नशिबाच्या खेळानं आकडा पाच-सहा टक्के वर किंवा खाली जाणं अगदी नेहमीचं आहे, कधीमधी दहा-अकराही. दीडशे-दोनशे शॉट होईपर्यंत या टक्केवारीवर फार भार टाकू नये. तोवर फ्री थ्रोकडे बघा. तिथे अंतर ठरलेलं, समोर कुणी नाही, घाई नाही, फक्त हाताची बैठक दिसते. विल्यम्सचे फ्री थ्रो ७४.६ टक्के होते, लेनर्डचे ७५.९. म्हणजे फ्री थ्रोच्या हिशेबानं दोघांचे हात जवळजवळ सारखे होते, आणि ५६ विरुद्ध २९ ही दरी बरीचशी फसवी होती. एनबीएच्या पहिल्या मोसमात विल्यम्सचे थ्री २६.८ टक्के पडले, लेनर्डचे ३७.६.

इथे सॅन अँटोनियोच्या प्रशिक्षकांचंही श्रेय आहे. ड्राफ्टच्या रात्री जॉर्ज हिलला देऊन त्यांनी लेनर्डला इंडियानाकडून घेतलं, आठवडाभरात संघमालक आणि खेळाडूंच्या वादात लीगला टाळं लागलं, आणि त्या तेवढ्या दिवसांत शूटिंगचे प्रशिक्षक चिप एंगलंड यांनी चेंडू सोडण्याची त्याची जागा बदलवली. लेनर्डनं टाळेबंदीत तेच घोटलं. फ्री थ्रो बरे असले की अशी दुरुस्ती शक्य असते, साठ टक्क्यांच्या खाली असले की बहुधा नसते. जेसन टेटमचंही तसंच: ड्यूकमध्ये थ्री ३४.२ टक्के, फ्री थ्रो ८४.९. एनबीएच्या पहिल्या वर्षी थ्री ४३.४. फ्री थ्रोवरून भविष्य सांगता येतं असं नाही, पण त्यांच्याकडे दुर्लक्ष करून तर मुळीच सांगता येत नाही.

असिस्ट आणि टर्नओव्हर शेजारी-शेजारी ठेवून वाचा. फॉरवर्डचे टर्नओव्हर असिस्टच्या दुप्पट असतील तर एकतर त्याला दुहेरी पहारा वाचता येत नाही, नाहीतर त्याला वाचायचाच नाही. विल्यम्सचे असिस्ट सामन्यामागे जेमतेम एकच्या घरात होते, लेनर्डचे अडीच. अडीच म्हणजे काही डोळे दिपवणारे नव्हेत, पण फरक आहे. याच निकषाचं टोकाचं उदाहरण म्हणजे मिशिगन स्टेटचा ड्रेमंड ग्रीन. चौथ्या वर्षात १६.२ गुण, १०.६ रिबाउंड आणि ३.८ असिस्ट. त्याची उंची पाहून सगळे म्हणाले, हा धड तीन नंबरचा (बाहेरून खेळणारा चपळ फॉरवर्ड) नाही, धड चार नंबरचाही (रिंगजवळचा दांडगा फॉरवर्ड) नाही. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये तो पस्तिसावा गेला आणि २०१७ ला लीगचा सर्वोत्तम बचावपटू झाला. ‘दोन जागांच्या मधला’ हा शिक्का विल्यम्सवरही होता आणि ग्रीनवरही. ज्याला पास देता येतो आणि पाचही जागांवर डिफेन्स करता येतो, त्याच्यासाठी तोच शिक्का गुण ठरतो.

स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ब्लॉक (शॉट हवेतच अडवणं) यांची बेरीज बघा. हे आकडे वरच्या पातळीवर टिकतात, कारण त्यात हातांची लांबी, पायांची चपळाई आणि अंदाज तिन्ही उतरतं. रिबाउंडही टिकतात. मोअरहेड स्टेट या छोट्या कॉलेजचा केनेथ फॅरीड हा त्याच २०११ च्या ड्राफ्टमधला. टिम डंकनचा रिबाउंडचा विक्रम मोडून आला, बाविसावा गेला, आणि एनबीएतही त्यानं रिबाउंडवरच पोट भरलं.

मैदान वेगळं आहे हे विसरू नका

कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, एनबीएचा ४८. शॉटसाठी कॉलेजात ३० सेकंद मिळतात, एनबीएत २४. हे सगळ्यांना माहीत असतं. फॉरवर्डसाठी खरे फरक आणखी दोन आहेत.

एक, तीन गुणांची रेषा. कॉलेजची रेषा २०१९-२० पासून ६.७५ मीटरवर आली, म्हणजे पुण्या-नागपूरच्या मैदानावर आपण ज्या आंतरराष्ट्रीय रेषेवरून शूट करतो तीच. एनबीएची रेषा मधोमध ७.२४ मीटरवर आहे, कोपऱ्यात मात्र ६.७१. म्हणजे कोपऱ्यातून शूट करणाऱ्या फॉरवर्डला फारसा फरक पडत नाही, समोरून करणाऱ्याला पडतो. तेव्हा त्याचे थ्री कुठून पडतात ते वेगळं मोजा. बघताना हेही टिपा की तो रेषेला चिकटून उभा राहतो की दोन पावलं मागून बिनधास्त सोडतो. २०११ साली तर कॉलेजची रेषा आणखी जवळ, २० फूट ९ इंचांवर होती, एनबीएच्या मधल्या रेषेपेक्षा तब्बल तीन फूट अलीकडे. विल्यम्सचे ४२ थ्री त्या रेषेवरचे होते.

दोन, रिंगखालची गर्दी. कॉलेजात रिंगसमोरची पट्टी १२ फूट रुंद, एनबीएत १६. शिवाय एनबीएत डिफेंडरला कुणाला अंगावर न घेता त्या पट्टीत तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. कॉलेजात तो तिथेच तंबू ठोकतो. त्यामुळे कॉलेजात आत घुसणारा फॉरवर्ड दर वेळी गर्दीत जातो, तोच वर मोकळ्या जागेत जाईल. उलट, पाठ लावून, खांद्यानं ढकलत गुण काढणाऱ्याचं काम वर अवघड होतं, कारण तिथे त्याच्याएवढ्याच दांडग्या माणसांची रांग असते. टायलर हॅन्सब्रो हा नॉर्थ कॅरोलिनाचा दैवत म्हणावा असा खेळाडू, २००८ चा देशातला सर्वोत्तम, २००९ चा विजेता. एनबीएत राहिला काही वर्षं, पण बाकावरून उठून येणारा मेहनती गडी म्हणून.

अंगाची मापं

कॉलेजनं छापलेली उंची ही बुटांसकट आणि थोडी कौतुकासकट असते. मे महिन्यात शिकागोला ड्राफ्टपूर्व चाचणी शिबिर भरतं, तिथली अनवाणी उंची आणि पसरलेल्या हातांची लांबी हीच खरी. फॉरवर्डच्या बाबतीत दुसरं माप पहिल्यापेक्षा मोलाचं. लेनर्डची अनवाणी उंची ६ फूट ६ इंच आणि हात ७ फूट ३ इंच. पंजा पसरला की सव्वा अकरा इंच. ग्रीनची उंचीही साडेसहा फुटांच्या आसपास आणि हात ७ फूट १ इंचाच्या पुढे. उंची कमी आणि हात लांब असा फॉरवर्ड दिसला की दचकू नका, खूश व्हा.

पण विल्यम्सचेही हात सात फुटांपलीकडे होते. तेव्हा मापं ही फक्त दाराची किल्ली. आत गेल्यावर काय करतो ते मापात दिसत नाही.

उडी आणि धाव यांच्या चाचण्यांवर मी फार वेळ घालवत नाही. बाजूला सरकण्याची चपळाई सामन्यातच दिसते.

सामना बघताना चेंडूकडे बघू नका

हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा भाग. डोळ्याला चेंडूमागे जायची सवय असते. ती मोडायची. त्यासाठी निवांत सामना बघणं सोडून, रेकॉर्डिंग घेऊन, थांबवत-थांबवत बघावं लागतं. झळकते क्षण जोडून केलेल्या क्लिपा अजिबात नकोत, त्यात प्रत्येक जण लेनर्डच दिसतो.

तीन सामने निवडा: एक तगड्या संघाविरुद्ध परक्या मैदानावरचा, एक त्याचा सगळ्यात वाईट गेलेला, आणि एक ज्यात त्याच्या समोर त्याच्याहून उंच किंवा चपळ माणूस होता. तीनही सामन्यांत फक्त त्याच एका माणसाकडे बघायचं.

डिफेन्सपासून सुरुवात करा. समजा तो मधे मदतीला उभा आहे आणि चेंडू भिरकावून कोपऱ्यातल्या शूटरकडे गेला. आता त्याला धावत जाऊन त्या शूटरला अडवायचंय. व्हिडिओ इथे थांबवा. पहिली दोन-तीन पावलं लांब आणि जोरात, मग शेवटची पावलं छोटी, बूट करकरतात, कंबर खाली, एक हात वर: हा शिकलेला डिफेंडर. तो उडी मारून शूटरच्या पुढे निघून गेला तर शूटर एक ड्रिबल घेऊन मोकळा. आणि तो मधेच उभा राहून नुसता हात वर करत असेल तर एनबीएत तो शॉट हमखास आत. एका सामन्यात असे आठ-दहा प्रसंग मिळतात. वहीत नुसत्या खुणा करत जा: वेळेवर, उशिरा, उडाला. तीन सामन्यांत चित्र स्पष्ट होतं.

मग स्क्रीनचे प्रसंग. समोरच्या संघानं स्क्रीन लावली, म्हणजे एकानं वाटेत भिंतीसारखं उभं राहून डिफेंडरला अडवलं, आणि याला एकदम लहान चणीच्या, चपळ गार्डला घ्यावं लागलं की याची कंबर बघा. गार्डनं दिशा बदलली की याची कंबर त्याच्याबरोबर वळते की पाय अडकून तो पाठमोरा होतो? फॉरवर्डची किंमत आज बरीचशी याच एका गोष्टीवर ठरते. एनबीएचे संघ निवांतपणे कच्चा डिफेंडर हेरतात आणि प्लेऑफमध्ये दर चालीला त्यालाच स्क्रीनमध्ये ओढतात.

एक अडचण येते. काही कॉलेजं झोन खेळतात, म्हणजे प्रत्येक जण एका माणसाला नव्हे, मैदानाच्या एका भागाला सांभाळतो. जिम बोहाइम यांचं सिराक्यूज वर्षानुवर्षं २-३ झोन खेळलं. अशा संघातला फॉरवर्ड मॅन-टू-मॅनमध्ये (एकास एक डिफेन्समध्ये) कसा आहे ते कळायला मार्गच नसतो. त्याच्या डिफेन्सच्या रकान्यात सरळ प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे जा. अंदाजानं गुण देऊ नका.

आक्रमणात, तो कोपऱ्यात उभा असताना बघा. चेंडू यायच्या आधी गुडघे वाकलेले आहेत का, हात तयार आहेत का. चेंडू आल्यावर तो खाली कमरेपर्यंत नेऊन मग वर आणतो की आला तसा वर जातो. कॉलेजात त्या अर्ध्या सेकंदाची किंमत पडत नाही, वर पडते. शॉट चुकला तर कसा चुकला तेही टिपा. पुढे-मागे, पण सरळ रेषेत चुकणारा हात सुधारतो, डावी-उजवीकडे भरकटणाऱ्या हाताचं दुखणं मुळात असतं.

चेंडू मिळाला आणि शॉट नाही, तेव्हा काय? इथे निर्णयाचा वेग बघायचा. शूट, पास की ड्रिबल, हे चेंडू हातात यायच्या आधी ठरलेलं असावं. जो पकडतो, थांबतो, चेंडू डोक्यावर धरून इकडेतिकडे बघतो, तो मग गुण काढो वा न काढो, एनबीएचे प्रशिक्षक त्याच्यावर वैतागतात. आणि एक बारीक गोष्ट: याला डाव्या हातानं रिंगखाली शॉट टाकता येतो का? उजव्या हाताचा फॉरवर्ड डावीकडून घुसूनही उजव्यानंच टाकत असेल तर कॉलेजात निभावतं, वर तो ब्लॉक होतो.

बाकावर असताना, टाइम-आउटमध्ये, चूक झाल्यावर त्याचा चेहरा बघा असं बरेच जण सांगतात. बघा हवं तर. मी त्यावर फार विसंबत नाही. लेनर्डच्या चेहऱ्यावर काही दिसेल अशी आशा धरणाऱ्याचं काय झालं असतं!

वय आणि प्रतिस्पर्धी

कॉलेजचं वर्ष बघू नका, जन्मतारीख बघा. करोनाच्या मोसमामुळे खेळाडूंना जादा वर्ष मिळालं, जुलै २०२१ पासून नाव-प्रतिमेचे (जाहिराती वगैरेंचे) पैसे कमावायची मुभा मिळाली. कॉलेजात राहणं त्यामुळे परवडतं आणि २२-२३ वर्षांचे फॉरवर्ड सर्रास दिसतात. २३ वर्षांच्या गड्यानं १८ वर्षांच्या पोरांना ढकलून काढलेले गुण सवलतीनं वाचा. पण वयालाच घाबरून कुणाला बाद करू नका. ग्रीन २२ चा होता. आयोवाचा कीगन मरी २०२२ च्या ड्राफ्टच्या वेळी २१ चा होता, सॅक्रामेंटोनं चौथ्या क्रमांकावर घेतला तेव्हा काहींनी नाकं मुरडली, आणि पहिल्याच मोसमात त्यानं २०६ थ्री टाकून नवोदिताचा विक्रम केला.

वयाचा एक उलटा उपयोग आहे: खेळायला उशिरा सुरुवात केलेला. कॅमेरूनचा पास्कल सियाकम बास्केटबॉलकडे उशिरा आला, न्यू मेक्सिको स्टेटसारख्या फारसं नाव नसलेल्या कॉलेजात वाढला, २०१६ ला सत्ताविसावा गेला. दर वर्षी किती पुढे सरकला हे अशांच्या बाबतीत जास्त बोलतं. व्हिलानोव्हाचा मिकाल ब्रिजेस तसाच: तीन मोसमांत थ्रीची टक्केवारी २९.९, मग ३९.३, मग ४३.५. चढती रेघ आणि शॉटची संख्याही वाढती, यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा.

छोट्या लीगमधला फॉरवर्ड असेल तर मोसमातले मोठ्या संघांविरुद्धचे चार-पाच सामने शोधून तेच बघा. सरासरी विसरा.

आपल्याकडचे वाचक इथे सतनाम सिंगचं नाव काढतील. २०१५ ला डॅलसनं त्याला बावन्नाव्या क्रमांकावर घेतलं, पण तो सेंटर होता आणि कॉलेज न खेळता थेट फ्लोरिडाच्या अकादमीतून आला होता. या रीतीत तो बसत नाही.

दुखापत

वैद्यकीय अहवाल आपल्याला दिसत नाहीत, संघांना दिसतात. त्यामुळे एखादा फॉरवर्ड अचानक घसरला तर आधी पाठ, गुडघा, पाऊल यांच्या बातम्या शोधा. मायकेल पोर्टर ज्युनियर मिझुरीकडून पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे तीनच सामने खेळला, २०१८ ला चौदाव्या क्रमांकापर्यंत आला आणि २०२३ ला डेन्व्हरबरोबर विजेता झाला.

एका पानाचा अहवाल

सगळं बघून झालं की लिहून काढा. एक पान, जास्त नाही. वर जन्मतारीख, अनवाणी उंची, हात. त्याखाली एका वाक्यात भूमिका. ‘बहुगुणी फॉरवर्ड’ ही भूमिका नव्हे. ‘कोपऱ्यात उभा राहून शूट करेल, समोरच्या संघाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुण काढणाऱ्याला अडवेल, बाकावरून १८ मिनिटं’ ही भूमिका. असं वाक्य लिहिता येत नसेल तर तुमचं बघणं अजून पुरं झालेलं नाही, आणखी एक सामना लावा.

भूमिकेखाली तीन गोष्टी: आजच येणारी, दोन वर्षांत येऊ शकणारी, आणि कधीच न येणारी. तिसरी लिहायला हात धजत नाही, तरी लिहाच.

मग किंमत. पहिल्या फेरीतल्या ३० जणांना दोन वर्षांचा पक्का करार आणि पुढच्या दोन वर्षांसाठी संघाच्या मर्जीचा पर्याय मिळतो. दुसऱ्या फेरीत पक्कं काही नसतं. त्याखाली संघ आणि धाकट्या लीगमध्ये ये-जा करणारे दुहेरी करार. तुमच्या फॉरवर्डवर तुम्ही यातलं काय खर्च कराल ते लिहा. ‘चांगला आहे’ म्हणणं सोपं असतं, ‘अठरावा क्रमांक खर्च करेन’ म्हणताना हिशेब लागतो.

शेवटी घर. मिनेसोटात विल्यम्स पोचला तेव्हा चार नंबरला केव्हिन लव्ह होता आणि तीन नंबरला मायकेल बीझली, तोही कॉलेजात गुणांचा पाऊस पाडून दुसऱ्या क्रमांकावर आलेला. विल्यम्सला उभं राहायला जागाच नव्हती. सॅन अँटोनियोत डंकन, पार्कर आणि जिनोबिली चेंडू सांभाळायला होते, लेनर्डकडे डिफेन्स, रिबाउंड आणि कोपऱ्यातला थ्री एवढंच काम आलं, आणि नेमकं तेच त्याला जमत होतं. अदलाबदल झाली असती तर विल्यम्स अंतिम मालिकेचा मानकरी झाला असता असं मी म्हणणार नाही, पण दोघांमधली दरी इतकी रुंद झाली नसती. म्हणून अहवालाच्या तळाशी तीन संघांची नावं लिहा: जिथे हा बसेल असे दोन, आणि जिथे तो वाया जाईल असा एक.

पानावर तारीख टाका आणि ड्राफ्टच्या रात्रीनंतर त्यात खाडाखोड करू नका. कॉलेजचा मोसम नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागतो. थंडीत तिथले संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या पुढे दिसतात. एका मोसमात पाच फॉरवर्ड पुरे.